विरघळेल, पण आधी सांगा, आत काय भरलंय?

माझ्या भाचीच्या लग्नाला तीन वर्षं होऊन गेली. लग्नाआधी महिनाभर तिने डोळ्यांखालचे खड्डे भरून घेतले होते. साखरपुड्याच्या फोटोत दिसणारा थकवा लग्नाच्या फोटोत नाही, एवढं काम त्या इंजेक्शनने चोख केलं. पण आता तिच्या डोळ्यांखाली एक निळसर फुगवटा आहे. तो झोपेने जात नाही, बर्फाने शेकून जात नाही, आणि "वर्षभरात आपोआप जिरेल" असं जे सांगितलं होतं तेही झालं नाही. दिवाळीनंतर तिचा फोन आला. "मावशी, फिलर विरघळवायचं इंजेक्शन असतं ना? घेऊ का?"

मी डॉक्टर नाही. फार्मसी कॉलेजात शिकवते, आणि ती ज्या औषधाबद्दल विचारत होती ते मला चांगलं ठाऊक आहे. मी तिला उलट विचारलं, "आत काय भरलंय?" ती म्हणाली, "फिलर." कसला फिलर, कुठल्या कंपनीचा, किती मिली, यातलं तिला काहीच सांगता येईना. क्लिनिकने सांगितलं नव्हतं आणि लग्नाच्या गडबडीत तिनेही विचारलं नव्हतं.

जुलै 2025 मध्ये उर्फी जावेदने ओठांतला फिलर विरघळवून घेतानाचा व्हिडिओ स्वतःच लोकांसमोर ठेवला. फिलर चुकीच्या जागी बसला म्हणून काढतेय, असं तिने सांगितलं आणि सुजलेला चेहरा लपवला नाही. मला त्याचं कौतुक वाटतं, कारण आपल्याकडे या गोष्टी करून घेतात सगळे आणि बोलत कुणीच नाही. पण त्यानंतर माझ्या विद्यार्थिनींच्या बोलण्यात एक समजूत रुजलेली दिसते: फिलर म्हणजे पाटीवरचं लिहिणं, नको झालं की पुसून टाकायचं. ही समजूत एका प्रकारच्या फिलरपुरती बरीचशी खरी आहे आणि बाकीच्यांच्या बाबतीत साफ चुकीची आहे.

फिलर हे एका पदार्थाचं नाव नाही. त्वचेखाली भराव म्हणून जे जे घालतात त्या सगळ्याला फिलर म्हणतात. त्यातला सर्वांत जास्त वापरला जाणारा पदार्थ म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिड. 1934 साली न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी तो गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरातून वेगळा केला. ग्रीक भाषेत काचेला 'हायलॉस' म्हणतात, त्यावरून हे नाव. नावात ॲसिड असलं तरी जाळणारं त्यात काही नाही. ही साखरेच्या दोन प्रकारच्या कणांची एकाआड एक गुंफलेली, हजारो मण्यांची लांबलचक माळ आहे आणि पाणी धरून ठेवणं हे तिचं काम. भिजवलेल्या सब्जाच्या बीभोवती जसं पाण्याचं बुळबुळीत आवरण धरतं, साधारण तसं. सांध्यातलं वंगण, डोळ्यातला गर, त्वचेचा टवटवीतपणा, सगळीकडे ही माळ आहे. 70 किलो वजनाच्या माणसाच्या अंगात ती साधारण 15 ग्रॅम असते आणि त्यातली जवळजवळ एक तृतीयांश रोज मोडून पुन्हा नव्याने बनते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता अडचण अशी, की रोज मोडणारी गोष्ट भराव म्हणून काय कामाची? साधं हायल्युरॉनिक ॲसिड टोचलं तर दोन-चार दिवसांत शरीर ते फस्त करेल. म्हणून कारखान्यात या माळा एकमेकींना रसायनाने जागोजागी बांधतात. सुट्या सुतळ्यांचा ढीग आणि सुतळीने विणलेली बाज यांत जो फरक, तोच इथे. सुतळी तीच, पण बाज वजन पेलते आणि लवकर उसवत नाही. गाठी किती आणि कशा, त्यावर जेल मऊ होणार की घट्ट, सहा महिने टिकणार की दोन वर्षं, हे ठरतं. पूर्वी हे हायल्युरॉनिक ॲसिड कोंबड्याच्या तुऱ्यातून काढायचे; आता बहुतेक कंपन्या ते जिवाणू वाढवून बनवतात. अमेरिकेत अशा पहिल्या जेलला, रेस्टिलेनला, डिसेंबर 2003 मध्ये मान्यता मिळाली. त्याआधी तिकडे गाईच्या कोलॅजेनची इंजेक्शनं चालायची, आणि ती देण्याआधी ॲलर्जीची चाचणी करून काही आठवडे थांबावं लागे. हायल्युरॉनिक ॲसिडने ती कटकट संपवली. आणखी एक सोय त्याच्यासोबत आली, जिचं मोल तेव्हा फारसं कुणाला कळलं नव्हतं: ते उसवणारी कात्री आधीपासूनच औषधांच्या कपाटात होती.

त्या कात्रीचं नाव हायल्युरोनिडेज. हे एन्झाइम आहे, म्हणजे एक प्रथिन, जे एक ठरावीक रासायनिक काम प्रचंड वेगाने करतं. माळेतल्या दोन मण्यांमधला दुवा तोडायचा, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. विणलेली बाज अशी जागोजागी कापली गेली की तिचे बारीक तुकडे उरतात, त्यांत पाणी धरायची ताकद राहत नाही आणि शरीर ते वाहून नेतं. फुगवटा बसतो.

या एन्झाइमचा शोध चेहऱ्याच्या नादात लागलेला नाही. 1928 च्या सुमारास फ्रान्सिस्को दुरान-रेनाल्स यांच्या लक्षात आलं, की प्राण्यांच्या वृषणाचा अर्क मिसळला की टोचलेला विषाणू त्वचेत फार दूरवर पसरतो. त्याला 'पसरवणारा घटक' असं नाव पडलं. हा घटक म्हणजेच आपलं एन्झाइम, हे नंतर उलगडलं. निसर्गात ते जिथे जिथे आहे ती यादी पाहिली की त्याचा स्वभाव कळतो: शुक्राणूत असतं, कारण स्त्रीबीजाभोवतीच्या चिकट आवरणातून वाट काढायची असते. नागाच्या, घोणसाच्या विषात असतं, कारण विष अंगात पसरायला हवं. मधमाशीच्या डंखात असतं. पेशींच्या मधला चिकट गर फोडून रस्ता करणं, हेच त्याचं जगभरचं काम.

डॉक्टरांनी त्याचा उपयोगही तसाच केला. तुमच्या घरात कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देऊन, डोळा बधिर करून झालं असेल, तर त्या औषधात बहुधा हायल्युरोनिडेज मिसळलेलं होतं, म्हणजे भूल लवकर आणि सारखी पसरते. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी सुपारी-गुटख्याने तोंड उघडेनासं झालेले रुग्ण आपल्या दंत महाविद्यालयांत आजही येतात; त्यांच्या गालाच्या आत जी इंजेक्शनं देतात त्यांत स्टेरॉइडबरोबर पुष्कळदा हेच असतं. म्हणजे औषध ओळखीचं आणि जुनं आहे. फक्त फिलर विरघळवणं हा त्याचा वेष्टनावर छापलेला उपयोग नाही. अमेरिकेतसुद्धा त्याला मान्यता आहे ती दुसरी औषधं पसरवायला आणि त्वचेखालून सलाइन देताना मदत म्हणून. फिलरसाठी ते डॉक्टरांच्या अनुभवावर आणि जमत गेलेल्या पुराव्यावर वापरलं जातं. यात गैर काही नाही, पण रुग्णाला ते सांगायला हवं.

प्रत्यक्ष घडतं ते असं. औषध बहुतेक वेळा पांढऱ्या भुकटीच्या रूपात, 1500 युनिटच्या छोट्या कुपीत येतं. ते सलाइनमध्ये विरघळवून बारीक सुईने नेमकं फिलरच्या गोळ्यात टोचतात आणि बोटांनी हलकं चोळतात. चरचरतं. काहींना मुंगी चावल्यासारखं, काहींना चांगलंच झोंबतं. काम लगेच सुरू होतं, काही जेल तर टेबलावरून उठायच्या आत मऊ पडल्याचं हाताला जाणवतं. मात्र त्याच वेळी सूजही येते, विशेषतः ओठांवर आणि डोळ्यांखाली, म्हणून पहिल्या दिवशी चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो आणि लोक घाबरतात. खरा परिणाम एक-दोन दिवसांत कळतो आणि पक्का अंदाज दोन आठवड्यांनी घ्यावा. किती युनिट लागतील याचं एक ठरलेलं उत्तर नाही. घट्ट विणीच्या जेलला जास्त, मऊ जेलला कमी. डोळ्यांखाली थोडं थोडं देऊन पाहतात, गालातल्या जुन्या गोळ्याला दोन-तीन बैठका लागू शकतात. एकाच दिवशी सगळं सपाट करून द्या असा हट्ट धरू नये.

भाचीच्या डोळ्यांखालचा निळा रंग कुठून आला, हेही इथेच सांगते. फिलर निळा नसतो, काचेसारखा स्वच्छ असतो. पण तो पातळ त्वचेखाली फार वर बसला, की त्यातून जाणारा प्रकाश विखुरतो आणि विखुरताना निळा जास्त परततो. पाणी घातलेलं दूध काचेच्या पेल्यात निळसर झाक मारतं, त्यामागे हेच कारण. याला टिंडल परिणाम म्हणतात आणि त्यावर क्रीम चोळून काही होत नाही. फिलर काढला की रंग जातो.

आणि "वर्षभरात जिरेल" याचं काय? हे वाक्य आजही सर्रास सांगितलं जातं आणि ते पुरेसं खरं नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका रेडिओलॉजिस्टने फिलर घेतलेल्यांचे एमआरआय काढून पाहिले, तेव्हा काहींच्या चेहऱ्यात अनेक वर्षांनंतरही जेल तसंच पडून असल्याचं दिसलं. आरशात परिणाम ओसरल्यासारखा वाटतो, म्हणून माणूस पुन्हा भरून घेतो, आणि जुन्यावर नवा थर चढतो. ओठांची कड पुसट होऊन वरच्या ओठावर मिशीच्या जागी फुगवटा दिसणं, गाल जड होणं, यांतलं बरंचसं या थरांचं काम असतं.

आता त्या आकड्याकडे परत येऊ. सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न: हे एन्झाइम माझ्या स्वतःच्या त्वचेतलं हायल्युरॉनिक ॲसिडही खाणार नाही का? खाणार. कात्रीला आपली सुतळी आणि परकी सुतळी ओळखता येत नाही. उलट आपली सुतळी सुटी असते, त्यामुळे ती आधी कापली जाते. पण शरीर ती रोज नव्याने कातत असतं, आणि टोचलेलं एन्झाइम ऊतींमध्ये फार काळ तग धरत नाही. त्यामुळे ही झीज भरून निघते, असंच आजवरचं ज्ञान सांगतं. तरीही विरघळवल्यानंतर "चेहरा आधीपेक्षा ओसाड झाला" असं सांगणाऱ्या बायका आहेत आणि त्यांना वेड्यात काढू नये. याची काही कारणं साधी आहेत. फिलर घेतला तेव्हा त्या तिशीत होत्या, काढला तेव्हा चाळिशीत. मधली दहा वर्षं भरावाखाली झाकलेली होती. वर्षानुवर्षं ताणलेली त्वचा आतला आधार गेल्यावर सैल पडते. आणि भरलेल्या चेहऱ्याची डोळ्यांना इतकी सवय झालेली असते, की मूळ चेहरा परका वाटतो. शेवटचं कारण मनाचं आहे म्हणून ते कमी दुखतं असं नाही. हे सगळं डॉक्टरने सुई उचलण्याआधी समोर बसवून सांगायला हवं.

ॲलर्जीबद्दल थोडं. ती क्वचित होते, पण झाली तर श्वासापर्यंत जाऊ शकते. मधमाशीच्या विषात याच जातीचं एन्झाइम असतं हे वर आलंच. म्हणून कधी मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून अंगभर पित्त उठलं असेल, घसा आवळला असेल, चक्कर आली असेल, तर ते विचारण्याची वाट न बघता स्वतःहून सांगा. गावाकडच्या लहानपणीची गोष्ट असली तरी सांगा. घाई नसेल तेव्हा हाताच्या त्वचेत थोडंसं टोचून अर्धा तास पाहण्याची पद्धत आहे. ज्या जागी पिकलंय, जंतुसंसर्ग आहे, तिथे हे देताना फार जपावं लागतं, कारण जो सापाचं विष पसरवतो तो जंतूही पसरवेल. ॲस्पिरिन आणि ॲलर्जीच्या गोळ्या नियमित घेत असाल तर या औषधाचा जोर कमी पडू शकतो, तेही डॉक्टरला माहीत हवं. आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे कुणी काढत नाही पण अनेकांना जाणून घ्यायला आवडेल: या औषधाचे बरेच प्रकार गोवंशाच्या किंवा मेंढ्याच्या वृषणापासून बनतात. मानवी एन्झाइमचं प्रयोगशाळेत पेशी वाढवून केलेलं रूपही आहे, त्याला अमेरिकेत 2005 मध्ये मान्यता मिळाली. तुमच्या श्रद्धेचा प्रश्न असेल तर विचारायला संकोच करू नका.

इथवर सगळं सौंदर्याचं होतं. पण हे औषध माझ्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते दुसऱ्याच कारणासाठी. चेहऱ्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे. फिलर टोचताना सुईचं टोक चुकून धमनीत गेलं, तर जेल रक्ताची वाट बुजवतं. त्या धमनीवर जगणारी त्वचा पांढरी पडते, मग जाळीसारखे जांभळट पट्टे उमटतात, हात लावला तर गार लागते. बहुतेक वेळा प्रचंड दुखतं, पण फिलरमध्येच बधिर करणारं औषध असतं म्हणून कधी कधी दुखणं दबूनही राहतं. वेळ गेली तर ती त्वचा काळी पडून मरते. भुवयांच्या मधली जागा आणि नाक इथे तर जेल उलटं सरकत डोळ्याच्या धमनीपर्यंत पोचू शकतं, आणि मग दृष्टी जाते. असं क्वचितच घडतं, पण जिच्या बाबतीत घडतं तिला त्या 'क्वचित'चा काय दिलासा?

अशा वेळी हायल्युरोनिडेज मोठ्या मात्रेत, शेकडो युनिटमध्ये, त्या सगळ्या भागात ओतल्यासारखं देतात. धमनीत नेमकं शिरायची गरज नसते. एन्झाइम धमनीच्या भिंतीतून आत झिरपतं. तासाभराने पाहायचं, रंग परतला नसेल तर पुन्हा द्यायचं. इथे ॲलर्जीच्या चाचणीसाठी थांबत नाहीत. त्वचेच्या हातात काही तास असतात. डोळ्याच्या पडद्याच्या हातात तास-दीड तास, आणि तिथे हे औषध दिलं तरी गेलेली दृष्टी परतेलच असं नाही. म्हणून फिलर घेतल्यावर त्वचा पांढरी-जांभळी दिसली किंवा डोळ्यापुढे अंधारी आली, तर "उद्या दाखवू" म्हणायचं नाही. त्याच क्षणी डॉक्टरला फोन, आणि दिसत नसेल तर थेट डोळ्यांच्या मोठ्या रुग्णालयात.

यातून एक साधी परीक्षा निघते आणि ती मी माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीला सांगते. फिलर घ्यायला जाल तेव्हा विचारा, "इथे आत्ता हायल्युरोनिडेज ठेवलेलं आहे का? दाखवता का?" जिथे कुपी नाही, तिथे सुई टोचून घ्यायची नाही. ब्यूटी पार्लरमध्ये, हॉटेलच्या खोलीतल्या एका दिवसाच्या शिबिरात, ऑनलाइन मागवलेल्या बिनसुईच्या पेनने ओठ भरणाऱ्यांकडे ती कुपी नसते, आणि असली तरी वापरायचं शिक्षण नसतं. समोरच्या डॉक्टरचा महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात काही उद्धटपणा नाही.

आता ज्यांच्या आत दुसरंच काही आहे त्यांचं. कॅल्शियमचे सूक्ष्म मणी असलेले फिलर असतात, शरीराला कोलॅजेन बनवायला लावणारे पॉलिलॅक्टिक ॲसिडचे असतात, कायम राहणारे ॲक्रिलिकच्या कणांचे असतात, पॉलिॲक्रिलामाइडचे असतात, स्वतःच्या पोटावरची चरबी काढून भरलेली असते, आणि सर्वांत वाईट म्हणजे कुणीतरी चोरून टोचलेलं पातळ सिलिकॉन. यांतलं एकही हायल्युरोनिडेजने विरघळत नाही. कात्री सुतळी कापते, दगडावर तिचा उपयोग नाही. कॅल्शियमच्या मण्यांवर सोडियम थायोसल्फेट वापरून पाहिलं गेलंय, पण त्याचा भरवसा देता येत नाही. कायमस्वरूपी पदार्थांच्या गाठींवर स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, कधी शस्त्रक्रिया करतात, आणि शस्त्रक्रिया म्हणजे व्रण आला. नुसतं बोटाने दाबून आत काय आहे हे सांगणं अनुभवी डॉक्टरलाही कठीण जातं. सोनोग्राफीत बरंच कळतं, कारण प्रत्येक पदार्थ पडद्यावर वेगळा दिसतो, पण चेहऱ्याची अशी सोनोग्राफी करणारे अजून मोजकेच आहेत.

मी हे सगळं भाचीला फोनवर सांगितलं आणि शेवटी म्हटलं, फिलरच्या प्रत्येक खोक्यात सिरिंजसोबत एक छोटं स्टिकर येतं, त्यावर नाव आणि लॉट क्रमांक असतो. एक रुग्णाच्या कागदावर चिकटवायचं असतं. शोध. क्लिनिक बंद होऊन तिथे मोबाइलचं दुकान आलंय म्हणाली. मग लग्नाच्या फाइली काढल्या. कार्यालयाची पावती, आचाऱ्याचा हिशेब, मेंदीवालीचा नंबर, आणि त्यांच्यामध्ये घडी घातलेला क्लिनिकचा एक कागद, कोपऱ्यात स्टिकर. हायल्युरॉनिक ॲसिडच होतं. दोन्ही बाजूंना मिळून 1 मिली, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग.

ती त्वचारोगतज्ज्ञाकडे गेली. लहानपणी आजोळी मधमाशा चावल्या होत्या हे तिने आठवून सांगितलं, म्हणून आधी हातावर चाचणी झाली, ती ठीक निघाली. मग दोन्ही डोळ्यांखाली थोडं थोडं औषध. दुसऱ्या दिवशी आलेल्या फोटोत डोळे बारीक झाले होते आणि खाली मजकूर, "मावशी, हे असंच असतं ना?" मी लिहिलं, "हो, दोन दिवस थांब." पंधरा दिवसांनी दुसरा फोटो आला. खड्डे परत दिसत होते, अगदी साखरपुड्याच्या फोटोतल्यासारखे. निळं मात्र कुठेच नव्हतं.